चौदा नंबरची कड

फेब्रुवारीत बागेत काम नसतं असं म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी बाग केलेली नसते. बटाट्याचं बियाणं अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून खिडकीत मांडायचं, सफरचंदाच्या आडव्यातिडव्या फांद्या छाटायच्या, मातीच्या कुंड्या कोमट पाण्यात घासायच्या, वाऱ्याने सैल केलेले खुंट पुन्हा ठोकायचे, आणि हे सगळं उरकलं की पायवाटेची कड कापायची. नॉर्मन स्टोबर्टला यातलं शेवटचं काम फार प्रिय होतं. का प्रिय, ते तो कुणाला सांगत नसे. पण तो राहायचा त्या तिसऱ्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

स्कारबर्नची कोळशाची खाण चालू होती तेव्हा खाणवाल्यांनी मजुरांसाठी घरांच्या लांबच लांब रांगा बांधल्या आणि प्रत्येक घरामागे बागेला एकेक पट्टी दिली. चौदा नंबरच्या घराला चौदाची पट्टी, पंधराला पंधराची. दोन घरांमधली सामाईक भिंत मनातल्या मनात सरळ पुढे ओढली, की तीच दोन पट्ट्यांमधली गवताची पायवाट. ही वाट दोघांची. तिच्यात कुणी काही लावायचं नाही, एवढाच काय तो नियम.

पंधरात नॉर्मन आणि त्याची बायको हिल्डा राहत. चौदात कडी रेन आणि त्याची बायको विनी. बावीस वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत नॉर्मनने कड कापता कापता आपल्या बाजूचं बोटभर गवत जास्त कापलं, आणि वाट अरुंद दिसू नये म्हणून कडीच्या बाजूचे खुंट बोटभर पलीकडे सरकवले. कुणी काही बोललं नाही. मग पुढच्या फेब्रुवारीत आणखी एक बोट. बावीस हिवाळ्यांत वाट जवळजवळ हातभर सरकली, आणि ती हातभर जमीन सबंध बागेत सर्वांत काळी आणि भुसभुशीत होती, कारण ती कडीने कसलेली होती.

कडीने कधी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त एक गोष्ट बंद केली. दोघं खाणीत पहाटेच्या पाळीला असत तेव्हा कडी सामाईक भिंतीला लागून असलेल्या आपल्या चुलीच्या पाठच्या लोखंडी पत्र्यावर सळईने दोनदा ठोकायचा. टण्, टण्. पलीकडे कुंभकर्णासारखा झोपलेला नॉर्मन त्या आवाजाने उठायचा आणि उलट दोनदा ठोकायचा. पहिल्यांदा खुंट हलले त्या हिवाळ्यात ते ठोकणं थांबलं. नॉर्मनने गजराचं घड्याळ आणलं आणि वर म्हणाला, बरं झालं, कटकट गेली.

कडी नोव्हेंबरात वारला. खाण त्याच्या दोन वर्षं आधीच बंद झाली होती.

आता नॉर्मनच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे सप्टेंबरचं लीकचं प्रदर्शन. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोराड भाऊ. या गावात लोक मुलांची वजनं विसरतात पण लीकची विसरत नाहीत. प्रदर्शनाचा चषक कडीने अकरा वेळा नेला होता, नॉर्मनने एकदाही नाही. या वर्षी कडी नव्हता. आणि नॉर्मनने तीन हिवाळे खपून, काजळी, मेंढ्यांच्या लेंड्या आणि शिळी बिअर घालून लीकसाठी एक चर तयार केला होता. तो चर नेमका त्या हातभर जमिनीत होता.

"आता तरी परत कर ती," हिल्डा म्हणाली. तिला थंडीत छातीचा खोकला असे. बोलताना मध्ये थांबून दोनदा खोकायची. "गेलेल्या माणसाशी कसली ईर्ष्या करतोस?"

"त्याला मिळाली की त्याची सहा फूट, चर्चमागे," नॉर्मन म्हणाला. "आणखी किती पाहिजे?"

रविवारी रात्रभर समुद्राकडून वारा आला. सोमवारी सकाळी नॉर्मन बागेत गेला तेव्हा त्याच्या खोपटाच्या छपराचा एक पत्रा उचकटला होता आणि कोबीचे दांडे आडवे झाले होते. ते त्याला अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हती ती पायवाटेची कड. ती कुणीतरी नुकतीच कापली होती. बोटभर, नॉर्मनच्या बाजूला आत.

तो उकिडवा बसून बघत राहिला. कड कापायचं पातं अर्धगोल असतं, लांब दांड्याचं; वरून बुटाने दाबायचं. सगळ्यांचा काप किंचित उजवीकडे कलतो. हा डावीकडे कलला होता. कडीच्या उजव्या हाताची दोन बोटं खाणीत गेली होती, तेव्हापासून तो डाव्या हातानेच पातं धरायचा. कापलेल्या गवताच्या पट्ट्या पलीकडे, चौदाच्या बाजूला, मुळं वर करून एका ओळीत ठेवल्या होत्या. चिखलात बुटाचा एकही ठसा नव्हता.

"कार्टी असतील कुणाची," असं स्वतःशी पुटपुटत त्याने कड बुजवली आणि बुटाने चोपून टाकली. वाऱ्यात त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू आला नाही.

मंगळवारी चार बोटं. बुधवारी गारा पडल्या आणि वीतभर. दर सकाळी कड अशी सरळ, जशी सूत धरून आखली असावी, आणि वाटेची रुंदी मात्र होती तेवढीच. कारण पलीकडचे खुंटही तेवढेच इकडे सरकलेले. नॉर्मनने दोरी ताणून खुंट्या मारल्या. सकाळी दोरी तशीच ताणलेली होती, खुंट्याही घट्ट होत्या, फक्त सगळं चौदा नंबरच्या पट्टीत होतं. त्याला भीती वाटली नाही. त्याला संताप आला, आणि संताप आला की त्याला इतर काही जाणवत नसे.

गुरुवारी कड चराला लागली तेव्हा तो तडक विनीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती बॅग भरत होती. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे सन्डरलंडला जायची होती.

"तुझ्या पट्टीत येतंय कोण?" त्याने विचारलं.

"या वाऱ्यात? पोस्टमन येत नाही इथे."

"मग कडीचं पातं कुणाला दिलंस?"

विनी त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. पातं भिंतीवर टांगलेलं होतं, हिवाळ्यासाठी ग्रीस लावून, कागदात गुंडाळून. दांड्यापासून खिळ्यापर्यंत कोळ्याचं जाळं होतं. नॉर्मनने कागद उलगडला. ग्रीसचा थर जसाच्या तसा होता.

"त्याला माहीत होतं, नॉर्मन," विनी म्हणाली. "दर वर्षी माहीत होतं. मी म्हणायची, अरे जाऊन बोल की त्याला. तर म्हणायचा, राहू दे गं, सवड मिळाली की एकदमच घेईन."

"म्हातारा होता. बरळायचा."

"नव्हता बरळत." तिने कागद पुन्हा नीट गुंडाळला. "जिथवर त्याचं आहे तिथवर जाऊन थांबेल तो. दुसऱ्याचं घेणारा माणूस नव्हता. पण तू त्याला छेडू नकोस."

शुक्रवारी सकाळी विनी दाराला कुलूप लावून बसने गेली. त्याच सकाळी नॉर्मनने बागसमितीच्या लान्स लिडलला टेप घेऊन बोलावलं. चर आता सबंध वाटेखाली गेला होता. गवत असं जमलं होतं की जणू ते वर्षानुवर्षं तिथेच आहे. लान्सने मोजलं, पुन्हा मोजलं, मग एका डोळ्याने घरांच्या भिंतीकडे रेघ धरली.

"दहा यार्ड तुझी, दहा त्याची," तो म्हणाला. "भिंतीशी एका रेषेत. बावीस वर्षांत पहिल्यांदाच नीट दिसतेय बघ."

"आणि माझा चर?"

"चर वाटेत आहे तुझा. वाटेत काही लावत नाहीत, ठाऊक नाही होय तुला?" लान्स हसला, पण नॉर्मनचा चेहरा बघून त्याने टेप गुंडाळला. "सोड ना, बाबा. नवा चर खण पलीकडे."

"तीन वर्षं लागतात त्याला!"

"मग तीन वर्षांनी जिंक."

त्या रात्री वारा पडला. शनिवारी सकाळी नॉर्मनने जाऊन पाहिलं, तर कड हलली नव्हती. काल होती तिथेच होती. जे घ्यायचं ते घेऊन झालं होतं, आणि कुणीही शहाणा माणूस एवढ्यावर घरी जाऊन चहा प्यायला असता.

नॉर्मनने खोपटामागून रुळांखालचे तीन जुने लाकडी स्लीपर ओढत आणले. दुपारी वारा पुन्हा सुटला, आधीच्यापेक्षा वाईट, पावसात बर्फाचे तुकडे घेऊन. त्याने वाटेचं गवत उचकटलं, चर उघडा केला, आपली जुनी कड पुन्हा कापली आणि वर आणखी हातभर. एका वर्षाची नव्हे, पुढच्या बावीस वर्षांची. मग त्या कडेला स्लीपर खोल गाडून त्यांच्यावर घण घातला. पलीकडच्या रिकाम्या पट्टीत कडीचे कोबीचे काळे दांडे वाऱ्यात हलत होते.

"घे आता!" तो तिकडे बघून ओरडला. "घे! सवड आहे ना तुला?"

मागच्या दारातून हिल्डा हाका मारत होती. तिचा खोकला त्याला वाऱ्यातूनही ऐकू आला. तो जाणूनबुजून लवकर आत गेला नाही.

निजायच्या वेळी ती पलंगाभोवती घुटमळली. पहाटेच्या पाळीपासूनची सवय होती ती, तो दाराकडे झोपायचा, ती चौदाच्या सामाईक भिंतीकडे. चाळीस वर्षं तसंच.

"पलंग सरकवलास का रे? माझ्या बाजूला पाय टाकायला जागाच नाही."

"तू जाडी झालीस."

"मस्करी नको. परवापर्यंत इथे खुर्ची मावायची." तिने सपाता पायातून काढल्या आणि फटीत मावेनात म्हणून टाचा आत करून पलंगाखाली खोल सरकवल्या. "उद्या काढून टाक ते स्लीपर. माझ्यासाठी काढ."

"बघू," नॉर्मन म्हणाला आणि दाराकडे तोंड करून झोपला. त्याला चांगली झोप लागली.

तो जागा झाला तेव्हा उजाडलं होतं आणि वारा पूर्ण थांबला होता. खोली थंड होती. घड्याळात आठ वाजून गेले होते.

तो पलंगाच्या अगदी कडेला होता, एक पाय खाली लोंबत होता. त्याने कूस बदलली. नाक भिंतीला लागलं.

भिंतीचा कागद. त्यावरची तांबूस फुलं. हिल्डानेच निवडलेली.

त्याला वाटलं आपण उलटे झोपलो. तो उठून बसला. दार तिकडेच होतं. खिडकीचं अर्धं तावदान भिंतीने झाकलं होतं. पलंग होता, पण अर्धा. पांघरूण भिंतीपर्यंत जाऊन तिथे संपत होतं, आणि भिंतीच्या कागदावरचं एकही फूल मोडलेलं नव्हतं.

"हिल्डा?"

त्याने खाली वाकून बघितलं. पलंगाखाली, भिंतीच्या पायाशी, तिच्या सपाता होत्या. टाचांकडचे अर्धे भाग. काप सरळ होता आणि किंचित डावीकडे कलला होता.

उरलेल्या खिडकीतून बाग दिसत होती. पायवाट सरळ होती, हिरवीगार, भिंतीच्या रेषेत. त्याचे तीन स्लीपर चौदा नंबरच्या पट्टीत उभे होते, कडीच्या कोबीच्या दांड्यांच्याही पलीकडे. त्याच्या बाजूला चर नव्हता. सफरचंदाचं झाडही नव्हतं.

तो अनवाणी जिना उतरला. विनीचं घर बंद होतं, कुलूप त्याने स्वतः पाहिलं होतं. तरी तो चुलीपाशी गेला. स्वयंपाकघरही आता अरुंद झालं होतं. चुलीपुढे बसायला त्याला अंग चोरावं लागलं. त्याने सळई उचलली.

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पाठच्या पत्र्यावर ठोकलं.

टण्, टण्.

"कडी," तो म्हणाला. "काढतो मी. आत्ता काढतो. सगळे काढतो."

मग पलीकडून, अगदी सावकाश, दोन ठोके आले.

त्यांच्या मागून हिल्डा खोकली. नेहमीसारखी, दोनदा. तिसऱ्यांदा खोकायला लागली आणि मध्येच थांबली, कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केल्यावर थांबावं तशी.