टार्विन वळणावरची पाटी

यातलं एकही वाक्य माझ्या पदरचं नाही. ओझेला आत्याने जसं सांगितलं, तसं लिहितेय. शेरीफला तिने यातलं अर्धंच सांगितलंय.

गेल्या ऑगस्टमधला मंगळवार. अलाबामातल्या आमच्या गावाबाहेरचं टार्विन वळण.

आणि रात्र नव्हती... दुपारचा एक वाजला होता.

रस्त्याकडेच्या इतिहासाच्या पाट्या रंगवणं हे आत्याचं काम. धातूच्या ओतीव पाट्या, अक्षरं वर उठलेली. आधी निळा हात द्यायचा, मग अक्षरांवरून सोनेरी रोलर फिरवायचा. एकोणीस वर्षं ती हेच करतेय.

या पाटीवर लिहिलं होतं, 'येथे टार्विन कोळसा खाण होती. १९०८ साली अपघाती आगीत तेवीस कामगार मरण पावले.'

कामगार कसले! तुरुंगातून भाड्याने आणलेले कैदी होते ते. सगळे आमचे, काळे. कुणी बिनकामाचा रस्त्यावर दिसला म्हणून धरलेला, कुणी उलट बोलला म्हणून. आत्याच्या आजोबांचा थोरला भाऊ लूशस त्यांतलाच. एकोणीस वर्षांचा.

आग लागली तेव्हा कैदी पळतील म्हणून मालकाने खाणीचं दार बाहेरून साखळीने बांधलं. आमच्या घरात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे.

त्या मालकाचा नातू हार्लन टार्विन. वय एक्याऐंशी. पाटीवरचा मजकूर त्यानेच लिहिलेला. शनिवारी तिथे कार्यक्रम होता, म्हणून तो काम बघायला आला.

"अजून झालं नाही, ओझेला?"

"एक शब्द रंग धरत नाहीये, साहेब."

"कुठला?"

"तुमचाच. 'अपघाती'."

खरंच धरत नव्हता. तीनदा रोलर फिरवला, तीनदा रंग ओघळून खाली आला. बाकीची अक्षरं लखलखत होती.

हार्लन गाडीतून उतरला. "तुला अक्षरं रंगवायला ठेवलंय. वाचायला नाही."

"वाचता येतं, त्याला मी काय करू? माणसं आत कोंडून मारली, त्याला अपघात म्हणतात होय?"

"तुम्हा लोकांना गोष्टी रचायला फार आवडतं." तो हसला. "आण तो रोलर इकडे."

त्याने स्वतःच्या हाताने तो शब्द रंगवला.

रंग बसला.

आणि झाडांवरचे किडे एकदम गप्प झाले...

पाटीच्या लोखंडी खांबातून आवाज आला. आतून.

ठक्... ठक् ठक्...

"उन्हाने लोखंड वाजतंय," हार्लन म्हणाला. पण चेहरा उतरला होता. तो गाडीत जाऊन बसला, काचा वर केल्या.

आत्या पाठमोरी बसून रोलर धूत होती. तेवढ्यात वास आला.

कोळशाच्या धुराचा...

तिने वळून पाहिलं. गाडीच्या काचा काळ्या झाल्या होत्या. आतल्या बाजूने. आणि आतून कुणीतरी त्यांवर मुठी आपटत होतं.

ती धावली. कडी ओढली. कडी सहज फिरली, कुलूप नव्हतंच. पण दार हलेना. ओढलं की साखळी खळखळल्याचा आवाज यायचा...

दाराला साखळी नव्हती.

"ओझेला! काच फोड!"

पिशवीत हातोडा होता. तिने तो काढला. उचलला.

मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं.

जोराने नाही. रस्त्याच्या कडेला लेकराला धरावं, तसं. मानेवर गरम श्वास लागला. मग खोकल्याची उबळ. एकाची नाही... पुष्कळांची.

तिने मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"ओझेला, देवाशपथ सांगतो... त्याने बांधलं होतं दार! माझ्या आजोबाने! मला माहीत होतं... सोड मला!"

मुठी मंदावल्या.

मग थांबल्या.

मनगट सुटलं, आणि दार आपोआप उघडलं.

गाडीत काहीही जळलं नव्हतं. सीटवर डागसुद्धा नाही. पण प्रेत तपासून डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं धुराने भरली होती. हार्लनच्या दहाही बोटांची नखं उखडलेली होती. धूर आला कुठून, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

आत्या हल्ली घराचं एकही दार लावत नाही. झोपतानाही नाही.

गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, "आत्या, तुझा काय दोष? तुझा हात धरून ठेवला होता ना?"

ती मनगट चोळू लागली.

"धरला होता गं," ती म्हणाली. "पण पकड अगदी सैल होती. झटकला असता, तर सुटला असता."