कांपोंग गेरगाजीचं कडं

शाळेला सुट्टी लागली, की प्रतापकाका क्लेमेंटी या परदेशातल्या वस्तीतल्या मराठी मुलांना जुन्या रेल्वेच्या वाटेवर फिरायला नेत. रूळ केव्हाच उखडले होते. उरली होती झाडांमधून वळत जाणारी तांबूस पायवाट. बंदरावर इंजिनिअर म्हणून उभा जन्म काढलेले काका बोटींबद्दल चकार शब्द काढत नसत. पण या वाटेवर आले, की त्यांची छाती फुगे.

"इथे होतं कांपोंग गेरगाजी. म्हणजे करवतींची वाडी. मलायाच्या जंगलातले ओंडके आगगाडीनं इथे यायचे, चिरले जायचे. शहरातल्या कितीतरी घरांची दारं या वाडीची आहेत, कळलं?"

"आणि आजोबा, ॲक्सिडेंट किती?" मुलांमधल्या चैत्रालीनं मुद्दाम विचारलं; मुलं काकांना आजोबाच म्हणत. उत्तर साऱ्यांना पाठ होतं.

"एकही नाही!" काका गरजले. "कारण मुथय्या!"

मुथय्या इथला टोकनवाला. रूळ एकच, म्हणून ज्या ड्रायव्हरच्या हाती वेताचं कडं, त्याच्याच गाडीनं पुढे जायचं. कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत पितळी टोकन. गाडी चालती असतानाच मुथय्या हात लांब करून एक कडं घेई, दुसरं देई. म्हातारपणी तो बंदरावर पहारेकरी झाला आणि काकांना हे सारं सांगून गेला. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

मुलांचा खेळही तोच. वळणापलीकडच्या पुलापाशी गार्गीची आई, वल्लरी, उभी होती. कडं घेऊन एकानं तिच्यापर्यंत जायचं, परत यायचं, मगच दुसऱ्यानं निघायचं. काकांनी स्वतः वेत वाकवून, लाल फीत बांधून कडं केलं होतं.

चैत्राली ते घेऊन वळणाआड गेली. सहा वर्षांच्या गार्गीला धीर निघेना.

"मी पण जाते ना आईकडे!"

"कडं कुठंय तुझ्याकडे?"

"पण ट्रेनच नाहीये, लाह!" इथल्या बोलीतला 'लाह' तिच्या तोंडी पक्का बसला होता.

आभाळ भरून आलं होतं. काका हसले. "मोठी वकीलच आहेस. जा, पळ."

थोड्या वेळानं चैत्राली एकटीच परतली. तिच्या हातातलं कडं काळपट होतं, जड होतं.

"लाल फीत कुठे गेली गं?"

"परत येताना वळणावर एक अंकल होते. हात लांब केला, माझं घेतलं, हे दिलं. सो फास्ट!"

काकांनी पिशवी उघडली. आतलं पितळ कोमट होतं, कुणाच्या मुठीतून नुकतंच सुटल्यासारखं.

"गार्गी भेटली?"

"नाही. वाटेत दुसरं कुणीच नव्हतं."

कडं बदललं, म्हणजे वाट कुणालातरी दिली गेली होती. आणि गार्गी मधेच होती, रिकाम्या हातांनी.

"सगळे गवतात उभे राहा!" काका ओरडले आणि धावत सुटले.

पाखरं गप्प झाली होती. ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास नाकात भरला.

वळणावर गार्गी दिसली. वाटेच्या कडेला, झाडाला पाठ टेकून. काकांनी तिला कवटाळलं.

समोरून काहीतरी गेलं.

दिसलं नाही. पानही हललं नाही. फक्त पायांखालची जमीन थरथरत राहिली, डब्यामागून डबा जावा तशी.

मग पाखरं पुन्हा बोलू लागली.

"त्या अंकलनी मला उचलून इथे ठेवलं," गार्गी म्हणाली. "म्हणाले, आजोबांना सांग, अजूनही एकही नाही."

काकांचा ऊर भरून आला. वाडी उठली, रूळ गेले, पण वाडीचा शब्द जागच्या जागी होता.

"चल, आई वाट बघत असेल. दुसरी चप्पल कुठंय?"

गार्गीनं बोट दाखवलं. पायवाटेवर तिची गुलाबी चप्पल पडली होती, सरळ रेषेत कापलेली, दोन तुकडे झालेली.

काकांनी वाकून एक तुकडा उचलला. त्याची कड अजून कोमट होती.