सगळे घरी आल्यावर

शिर्डीतल्या हॉटेलांत दाराशी कार्ड खोचलं की खोलीतले दिवे लागतात आणि कार्ड काढलं की एसी, गिझर सगळं आपोआप बंद होतं. ही कामं मी करतो. सेन्सर, वायरिंग, दारांची इलेक्ट्रिक कुलपं, आणि ती बिघडली की मालकांच्या शिव्या. गावाकडच्या लोकांना वाटतं, या मच्छिंद्रच्या घरात टाळी वाजवली की चहासुद्धा होत असेल. प्रत्यक्षात माझ्या फ्लॅटमधला बाथरूमचा दिवा गेलेला आहे आणि बायको रेश्मा तो बदला म्हणून दिवाळीपासून सांगते आहे.

आई आमच्याजवळ राहत नाही. कोपरगावच्या पलीकडे, पाटाच्या कडेला आमची वस्ती आहे. तिथल्या स्लॅबच्या घरात ती एकटी असते. शिर्डीहून मोटारसायकलवर जेमतेम अर्धा तास लागतो. लांब पडतं म्हणून जाणं होत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो आणि ऐकणारे मान डोलावतात. त्यांनाही अंतर माहीत असतं.

ती तिथून हलत नव्हती ते अंगदमुळं. अंगद माझा धाकटा भाऊ. कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवायचा. मागच्या हंगामात एका संध्याकाळी "जेवायला येतो" म्हणून मोटारसायकल घेऊन गेला तो आलाच नाही. गाडी गोदावरीच्या घाटावर सापडली. अंगद सापडला नाही. पोलिसांनी शोधलं, पाणबुड्यांनी शोधलं, नात्यातल्या पोरांनी काठ पिंजून काढला. मी मनातल्या मनात भावाला केव्हाच पोचवून आलो होतो. आईनं तसं केलं नव्हतं. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय दाराला कडी लावायची नाही. आपल्याच माणसाला दार वाजवावं लागलं तर ते घर कसलं, असं आई म्हणते. त्यामुळं अंगद गेल्यापासून आमच्या घराला कडी लागलीच नव्हती. थंडीतसुद्धा दार नुसतं लोटलेलं असायचं. मग शेजारच्या वस्तीवरच्या वाल्मिकची विहिरीवरची मोटर चोरीला गेली आणि त्याचा मला फोन आला.

"मच्छिंद्रभाऊ, तुमच्या म्हातारीचं दार सताड उघडं आसतंय. उंद्या कोनी घुसलं म्हंजी बोल आमाला लागंल."

मी इलेक्ट्रिक कुलूप घेऊन गेलो. आई भांडेल अशी तयारी करूनच गेलो होतो. ती भांडली नाही. शेंगा फोडत बसली होती, तिथूनच म्हणाली, "बसव. पन सगळी घरी आल्यावर लागाय पायजे. आदी न्हाई."

"सगळी म्हणजे कोण?"

"मी आन् अंगद. तू काय ऱ्हातोस का हितं?"

ती टोमणा मारत नव्हती, साधं विचारत होती. मी ड्रिल मशीन सुरू केलं.

माणूस घरात आहे की नाही, हे यंत्रणा त्याच्या मोबाईलवरून ओळखते. मोबाईलनं घरचं वायफाय पकडलं की माणूस आलं. मी आई आणि अंगद अशी दोन नावं घातली. दोघं घरी असले की कुलूप लागणार. बोळात, माजघरात, स्वयंपाकघरात हालचाल टिपणारे सेन्सर बसवले, म्हणजे आई अंधारात चाचपडणार नाही. कुणी हललं की दिवा लागेल, हालचाल थांबली की विझेल. मोरीतला गिझरही यंत्रणेलाच जोडला. आईला समाधान वाटलं. लेकानं आपलं ऐकलं असं तिला वाटलं.

आणि मी काय केलं, तर माझा एक जुना मोबाईल घेतला, यंत्रणेत त्याला अंगदचं नाव दिलं, आणि इन्व्हर्टरच्या पेटीत मागच्या बाजूला चार्जरला लावून ठेवला. दिवेलागणीला त्याचं वायफाय सुरू होईल आणि सकाळी बंद होईल, असं लावून टाकलं. आई घरात, अंगद घरात, दार बंद. घरी येताना मला स्वतःची हुशारी वाटत होती, हेही सांगून टाकतो.

एक गोष्ट मी विसरलो होतो. नाव घातलं की त्याची बोलती सूचना मी सवयीनं चालू करतो. हॉटेलवाल्यांना ती फार आवडते. स्वयंपाकघरातल्या फळीवर स्पीकर होता.

त्या संध्याकाळी मी एका हॉटेलच्या लॉबीत स्टुलावर उभा होतो. आईचा फोन आला.

"मच्छिंद्रा, अंगद आला रं."

मला आधी कळलंच नाही. मग मागून स्पीकरची सूचना परत वाजली, बाईच्या सपाट आवाजात. 'अंगद घरी आला. दार बंद केलं आहे.'

"ऐकलंस? आला. आजून दिसला न्हाई, पन दार लागलं. बघती मी आत."

तिचा आवाज इतका मोकळा मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. आई, तो मोबाईल आहे, मी ठेवलाय. एवढं एक वाक्य. माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच.

"बरं झालं."

फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी शरम वाटली की स्टुलावरून खाली उतरवेना. मॅनेजर खालून विचारत होता, काय झालं, वायर जळली का. मी हो म्हणालो.

त्यानंतर मी आईकडे गेलोच नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तिचा फोन आला की मी बाजारभाव विचारायचो, पाटाला पाणी सुटलं का विचारायचो. तीही अंगदचं फार बोलत नव्हती. मधूनच म्हणायची, "आज शेंगोळे केल्ते. खाल्ले त्यानं." मी "हं" म्हणायचो. रेश्मानं एकदा विचारलं, "अहो, आईंना भास होतात का? डॉक्टरला दाखवू या का?" मी तिच्यावरच खेकसलो. भास आईला होत नव्हते, ते मी बसवून दिले होते.

पण संध्याकाळी मोबाईलवर घराची यंत्रणा उघडून बघायचा मला नाद लागला. आई स्वयंपाकघरात असायची, तिथला दिवा चालू दिसायचा. आणि कुलूप लागलं की थोड्या वेळानं बोळातला दिवा लागायचा. मग माजघरातला. मग गिझर. दारापासून आत, एकेक खोली करत, रोज त्याच क्रमानं.

यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मला ठाऊक होतं. सेन्सरवर पाल बसली तरी दिवा लागतो. बॅटरी उतरली की सेन्सर वेडेवाकडे वागतात. गिझर आईनंच लावला असेल. एका दुपारी मी धीर करून गेलो आणि सगळे सेन्सर उतरवून पुसले, बॅटऱ्या बदलल्या, बोळातला तर नवाच बसवला. पाल नव्हती. जाळंसुद्धा नव्हतं. आई मागं उभी राहून बघत होती. केसांना तेल लावून तिनं नीट अंबाडा घातला होता. मोरीत दोन ताटं घासून पालथी घातली होती.

"काय बिगाडलंय व्हय?" तिनं विचारलं.

"नाही. असंच."

इन्व्हर्टरची पेटी मी उघडली नाही. आईच्या समोर तो मोबाईल बाहेर काढायची माझी छाती झाली नाही. स्पीकरचा आवाज तेवढा बंद केला आणि चहा न घेता निघालो.

शिर्डीत आल्यावर गच्चीवर जाऊन, तिच्या नजरेपासून लांब, मी मोबाईलवर अंगदचं नाव काढून टाकलं. यंत्रणेनं विचारलं, 'नक्की काढायचं?' मी बोट दाबलं. आता घरात एकटी आई. ती घरात असली की दार लागणार, विषय संपला. हे असं लपूनछपून करताना मला काय वाटत होतं ते लिहवत नाही. स्वतःच्या घरी चोरी करणारा माणूस असाच दिसत असेल.

सकाळी आईचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"काल दार लवकरच लागलं रं. अंगद भाईरच ऱ्हायला. पायरीवर बसून हुता थंडीचा. मी उठून उघडलं तवा आत आला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लई हिरमुसला हुता. दादानं माझं नाव पुसलं म्हनला."

गच्चीवर मी एकटाच होतो. रेश्मालासुद्धा यातलं काही सांगितलं नव्हतं.

मी हातातलं काम टाकून निघालो. वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पाटाच्या पलीकडच्या फडात ऊसतोड चालली होती. मी आत गेलो, आईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मोबाईल, नाव, कुलूप. म्हणालो, "अंगद येत नाही, आई. तो आला असं बोललं ते मीच लावलेलं यंत्र होतं. मी तुझी फसवणूक केली. हे बघ, दाखवतो." आणि उठून इन्व्हर्टरची पेटी उघडली.

चार्जर होता. मोबाईल नव्हता.

आई उठली. लुगड्यांच्या ट्रंकेतून तिनं माझा जुना मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला. तो केव्हाचा बंद पडलेला होता.

"दुसऱ्या दिशीच सापडला मला. पेटीतनं टिंग टिंग करत हुता. मी काय बहिरी हाय का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं आसतं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके दिवस मी तिच्यापासून तोंड लपवत होतो, आणि ती माझी लाज झाकून ठेवत होती. मी मान खाली घालून बसलो. ती जवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या हाताला शेंगदाण्याचा वास होता.

मग माझ्या डोक्यात जे आलं ते मी मोठ्यानं विचारलं. "मोबाईल दुसऱ्याच दिवशी काढलास, तर रोज दार कशानं लागत होतं? कोण येत होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी काहीतरी वेडगळ विचारलं की बघायची तसं.

"अंगद."

मी यंत्रणा तपासली. जे जे मला येतं ते सगळं केलं. राउटर बंद करून चालू केला, मुख्य पेटी कोरी करून पुन्हा सगळं जोडलं. वायफायवर फक्त आईचा आणि माझा मोबाईल होता. तिसरं काही नव्हतं.

"आता त्याचं नाव घाल माघारी," आई म्हणाली. "आन् आज जेवून जा. त्याला सांगितलंय मी, दादा येईल म्हनून."

मी नाव घातलं. नावापुढं मोबाईल जोडला नाही. जोडायला काही नव्हतंच. अशा माणसाला यंत्रणा कधीच घरी आलेलं दाखवू शकत नाही. दार रात्रभर उघडं राहायला हवं.

ऊन उतरलं. कारखान्याचा भोंगा झाला. आईनं देवापुढं दिवा लावला आणि गॅसवर तवा ठेवला. मी स्वयंपाकघरात दाराजवळ बसलो, बोळाकडं पाठ करून. तिनं तीन ताटं मांडली, एक माझ्यापुढं, एक माझ्या समोरच्या जागेवर अंगदसाठी, एक स्वतःचं बाजूला.

पहिली भाकरी अंगदच्या ताटात वाढून ती परातीत पुढचं पीठ मळत होती. 

दाराकडून कुलपाचा खट्ट आवाज आला.

माझ्या पाठीमागं बोळातला दिवा लागला. त्याचा उजेड माझ्या ताटावर पडला.

दिवा विझेल म्हणून मी वाट बघत राहिलो. हालचाल थांबली की तो विझतो. तो विझला नाही.

"ये की," आई माझ्या डोक्यावरून बघत म्हणाली. "दादा काय बोलायचा न्हाई. त्यालाच लाज वाटती तुझ्याम्होरं."

मी मान खाली घातली. माजघराचा दिवा लागल्याचं मला फरशीवर दिसलं. मग समोरचं ताट किंचित वाजलं, कुणी मांडी घालून बसताना गुडघा लागावा तसं.

"वर बघ रं, मच्छिंद्रा."

मला बघवलं नाही. भीती होती, पण ती भीतीपेक्षा वेगळी गोष्ट होती. ज्याला मी पोचवून आलो होतो, ज्याचं नाव मी पुसलं होतं, त्याच्या तोंडाकडं कसं बघू?

"अंगद," मी ताटाकडं बघत म्हणालो, "चुकलं माझं."



थोड्या वेळानं समोरून अर्धी भाकरी माझ्या ताटात सरकली.

मी डोळे उचलले ते फक्त आईपर्यंत. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते.

मी ती भाकरी खाल्ली.