रिकामं आवर्तन

तिच्या बाबांना घरात भुंगा म्हणत. नाव आईने ठेवलेलं. पियानोवर बसले की ते नाकातल्या नाकात गुणगुणायचे, आणि तेही असं बेसूर की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. ध्वनिमुद्रण करणारे हात जोडायचे, "अहो, तेवढं नाक आवरा." पण नाक आवरलं की बाबांची बोटंही आवरली जायची. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला. त्यांच्या प्रत्येक रेकॉर्डवर पियानोच्या खाली हा भुंगा आहेच.

मुलगी स्वतः ध्वनिमुद्रणातली. मागच्या खोलीच्या भिंतींना जाड ब्लँकेटं ठोकून तिने कामाची जागा केली होती. बाबांच्या वादनाला पन्नास वर्षं होत होती, त्यानिमित्त जुन्या टेप स्वच्छ करून एक संच काढायचा होता. सतरा टेप होत्या. बाबा सुरुवातीला नाच शिकवणाऱ्या बाईंकडे ठेका धरायला बसत, मग हॉटेलात दुपारच्या जेवणाला वाजवू लागले, दोन वर्षं जहाजावर होते, मग स्टुडिओ आणि मोठी सभागृहं. संगणक येण्याआधीचं सगळं आयुष्य त्या सतरा डब्यांत मावलं होतं, आणि डब्यांना बुरशीचा वास येत होता.

जॅझवाल्यांत बाबांचं नाव झालं ते रिकाम्या आवर्तनामुळे. गोष्ट हॉटेलातली. पियानो, बेस आणि ड्रम असे तिघं रंगात आलेले असताना वेटरच्या हातून काचेच्या ग्लासांचा अख्खा ट्रे पडला. तिघेही दचकून थांबले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, आणि बरोबर एक आवर्तन उलटल्यावर तिघेही एकाच ठोक्यावर परत आले. लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. टाळ्या थांबेनात! तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात हे आलंच. चार ठोक्यांचं एक माप, अशी बत्तीस मापं म्हणजे एक आवर्तन, तेवढा वेळ कुणी काही वाजवायचं नाही. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत. ड्रमवाले काका बुटाच्या आत अंगठा हलवून मोजत. अठ्ठेचाळीस सेकंद सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी, आणि मग तिघेही धाडकन एकत्र.

हॉटेलातल्या पहिल्या टेपवरची ती शांतता साफ करताना तिने आवाज वाढवला आणि कान टवकारले. आत पियानो वाजत होता.

अगदी बारीक, रस्त्यापलीकडच्या इमारतीत कुणी वाजवावा तसा. ती हसली. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उतरतो, हे तिच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. पण उतरलेला आवाज मूळ वादनासारखाच असतो. हे वादन वेगळं होतं. चाल तीच, हातही बाबांचाच, पण बाबांनी त्या दिवशी जे वाजवलं होतं त्यात हे कुठेच नव्हतं. आणि खाली भुंगा नव्हता.

तिने दुसरी टेप लावली, मग तिसरी. आई गेली त्यानंतरच्या आठवड्यातली नववी. तेव्हा बाबांनी कुणाचं न ऐकता कार्यक्रम केला होता. त्या टेपवर पियानो शेजारच्या खोलीत होता. सतराव्या डब्यानंतरचं सगळं टेपवर नव्हतंच, थेट संगणकावर होतं, म्हणजे वेढ्यांचा प्रश्नच मिटला. तरी पियानो होता. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात तो त्याच मंचावर होता.

तिने हेडफोन काढला आणि उगाचच खिडकी उघडली.

जेवताना तिने विषय काढला. "बाबा, ते रिकामं आवर्तन तुम्ही मोजता कसं?"

"मी कुठे मोजतो? ते तुझ्या काकांचं काम. मी ऐकतो."

"काय ऐकता?"

"तो वाजवतो ना तिकडे." बाबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "त्याचं झालं की मी येतो. पूर्वी लांब असायचा. हल्ली अगदी जवळ आलाय. गेल्या खेपेला मला बाकावर सरकून जागा द्यावी लागली."

"कोण तो?"

"मला काय ठाऊक! पण वाजवतो छान, ठमे. माझ्यापेक्षा छान."

ठमी हे तिचं लाडाचं नाव. चाळिशी उलटली तरी बाबांनी तिला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. ती हात न धुता तशीच बसून राहिली. यंदाच्या कार्यक्रमात ते आवर्तन घेऊ नका, असं तिने परोपरीने विनवलं, रडून पाहिलं, रागावून पाहिलं. बाबा बधले नाहीत. "लोक त्याच्यासाठीच तिकीट काढतात गं. आणि तोही वाट बघत असेल." आई गेल्यावर तिला बाबांखेरीज कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली. काका पंचाहत्तरीचे, मिश्कील, पण त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मलाही हल्ली ते मोजताना बरं वाटत नाही. पाठीला गार लागतं."

"मग निम्म्यावर तोडा. सोळाव्या मापाला काठी मारा. बेसवाल्यांना सांगा, पण बाबांना नको. ते ऐकायचे नाहीत."

"तुझा बाप फसेल, पोरी. अख्ख्या सभागृहासमोर."

"फसू देत. मी शिव्या खाईन."

कार्यक्रम सकाळी अकराला होता. सभागृह गच्च भरलेलं. ती मंचाच्या कडेला यंत्रापाशी बसली होती, तिथून बाबांची पाठ आणि उजवा खांदा दिसत होता. भुंगा झक्क लागला होता. तिसरी चाल रंगली, आणि तिघे थांबले.

बाबांचे हात गुडघ्यांवर आले.

ती मोजू लागली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आठव्या मापाला बाबांनी मान जरा डावीकडे वळवली. मग ते बाकावर सावकाश उजवीकडे सरकले.

बारा. तेरा.

सोळा. काठी पडली.

बाबा फसले नाहीत. पियानो त्याच ठोक्यावर आला, एका केसाचाही फरक नाही. लोक उठून उभे राहिले. तिने चेहरा ओंजळीत लपवला आणि पोटभर रडली. सुटले, माझे बाबा सुटले!

नंतर मंचामागे काका काठ्या पुसत बसले होते. "सोळाचं सांगितलंस ना त्याला?"

"नाही."

"मग त्याचे हात माझी काठी पडायच्या आधीच वर कसे होते?"

तिने ते मनावर घेतलं नाही. तिला घाई होती. सगळे गेल्यावर रिकाम्या सभागृहाची दोन मिनिटांची शांतता टिपून घ्यायची, ही तिच्या धंद्यातली रीत. पुढे कुठे खाच राहिली तर ती बुजवायला ही शांतता लागते. तिने ती टिपली, यंत्र बंद केलं आणि बाबांना घेऊन घरी आली.

वाटेत बाबा गाडीच्या खिडकीतून सगळं बघत होते. उतरताना म्हणाले, "आभार." आणि तिचं नाव घेतलं. पाळण्यातलं, कागदोपत्री असतं ते पूर्ण नाव. थकले असतील, ती मनाशी म्हणाली.

दुपारी ते बाहेरच्या खोलीत पियानोवर बसले. तिने मागच्या खोलीत हेडफोन चढवला. आधी रिकामं आवर्तन ऐकलं. त्यात पियानो इतका जवळ होता की तिने मान मागे घेतली. सोळाव्या मापाला काठी पडली, आणि त्यापुढच्या वादनात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तिने पुन्हा ऐकलं. वादनाच्या खाली काहीच नव्हतं. भुंगा नव्हता.

मग तिने रिकाम्या सभागृहाची शांतता लावली आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

लांबवर, रस्त्यापलीकडे असावा तसा, पियानो वाजत होता. खाली बेसूर गुणगुणणं होतं.

ती मापं मोजू लागली. बत्तीस झाली आणि पियानो थांबला. कुणीतरी येण्याची वाट बघावी तसा थांबला. कुणी आलं नाही.

"ठमे?" अगदी बारीक. "झालं का गं?"

मग उत्तर न मिळाल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

तिला आता कळलं. बत्तीस मापं संपली की बाबा परत यायचे, दर वेळी. तिने सोळालाच तोडायला लावलं होतं, आणि बाबांच्या जागी तो आला होता. पुढचा कार्यक्रम, तिने घाईघाईने विचार केला, पुढच्या कार्यक्रमात बत्तीस मापं, पूर्ण बत्तीस.

बाहेरच्या खोलीतला पियानो केव्हा थांबला ते तिला कळलं नव्हतं. ती वळली तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांनी तिला पूर्ण नावाने हाक मारली.

"ते रिकामं आवर्तन," ते मायेने म्हणाले, "आता कधीच घ्यायचं नाही. तू म्हणत होतीस ना, तसंच करू."

तिच्या कानात भुंगा सोळाव्या मापापर्यंत आला होता.