मोठ्या ढोलाचे दोन ठोके

"हा चौदावा," म्हणत गुंडूने खिशातून आणखी एक लोखंडी नट काढला आणि संपदाच्या तळहातावर ठेवला.

दसऱ्याची सुट्टी चालू होती. जयनगरच्या या दोघा भावंडांना आईने एचएसआर लेआउट वसाहतीत सुप्रीताआत्याकडे धाडलं होतं. आत्याचा श्रीहरी आणि शेजारची कावेरी त्यांना येऊन मिळाली आणि चौघांची टोळी झाली. तेरा वर्षांची संपदा टोळीत सगळ्यांत मोठी, आठ वर्षांचा गुंडू सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत उपद्व्यापी. दिसेल ते खिशात कोंबायची त्याची खोड घरात सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून त्याच्या नटांकडे आधी कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"कुठे सापडतात रे हे तुला?"

"गॅलरीखाली. बँड वाजला की पडतात," गुंडू म्हणाला, जणू झाडावरून चिंचाच पडत होत्या.

मैदानावर रविवारी लष्करी बँडचा कार्यक्रम होता आणि बुधवारपासून सकाळी त्याचा सराव चालला होता. रहिवासी संघाने मांडववाल्याकडून लोखंडी पाइपांची पायऱ्यापायऱ्यांची उंच गॅलरी उभारून घेतली होती. तिच्यावर दोनशे मुलं रंगीत पाट्या धरून तिरंगा करणार होती आणि बँडच्या जलद चालीला दोन्ही पायांनी ताल देणार होती. केशरी पाट्या सगळ्यांत वर. गुंडूच्या वाट्याला केशरी पाटी आली होती आणि त्या आनंदात तो दोन दिवस जमिनीवर नव्हता.

संपदाला मात्र ते चौदा नट काही चैन पडू देईनात. श्रीहरीचं डोकं अशा वेळी भलतंच चालतं. त्याने कावेरीला तिच्या बहिणीचं नेलपॉलिश आणायला सांगितलं आणि गॅलरीच्या वीस नटांवर लाल रेघा ओढल्या. प्रत्येक रेघ नटावरून सरळ पाइपावर गेलेली. नट जागचा हलला नाही तर रेघ सरळ राहील, फिरला तर तुटेल.

दुसऱ्या दिवशी सरावात बँडने आधी संथ चालीची धून वाजवली. तिघं गॅलरीखाली शिरली. सगळ्या रेघा शाबूत होत्या. मग जलद चाल सुरू झाली, वर मुलांनी धाडधाड पाय आपटले आणि धून संपल्यावर पाहतात तो वीसपैकी अकरा रेघा तुटलेल्या! एक नट तर नुसत्या बोटांनी फिरत होता. कावेरीचा चेहरा पांढरा पडला. आपण खेळ म्हणून जे करायला घेतलं ते खेळ राहिलेलं नाही, हे तिघांनाही एकदमच कळलं.

त्यांनी फोनवर फोटो काढले आणि संघाचे सेक्रेटरी रघुनंदनकाका यांना गाठलं. काका मोठे लगबगीचे गृहस्थ होते. एका कानाला फोन, एका हातात फाइल आणि तोंडाने सतत कुणाला तरी "झालं, झालं" म्हणणं चालू. त्यांनी फोटो पाहिले आणि त्यांना दिसलं काय, तर नेलपॉलिश! नव्या कोऱ्या गॅलरीला रंग फासल्याबद्दल पोरांना त्यांच्याकडून खरपूस बोलणी खावी लागली.

आता उरला नागराजअण्णा. हवालदार नागराज बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. मूळचा निपाणीकडचा, त्यामुळे मराठी बोलणारी पोरं भेटल्यावर पहिल्याच दिवशी त्याची त्यांच्याशी गट्टी जमली होती. छातीवर वाघाच्या कातड्यासारखं पट्टेरी कापड आणि त्यावर ते प्रचंड पिंप. ढोलाच्या चामड्यावर आयुधपूजेचं कुंकू अजून ताजं होतं.

सुट्टीच्या वेळात पाणी पिता पिता त्याने एकदा त्यांना बँडची खुबी सांगितली होती. वाजवणाऱ्यांचे डोळे समोरच्या कागदावर असतात. मैदानात कुणी कितीही ओरडलं तरी ते थांबत नाहीत. पुढे चालणाऱ्या साहेबांच्या हातातला दंड वर गेला की मोठा ढोल दोन जोडठोके देतो आणि ते कानावर पडले की सगळा बँड एका दमात गप्प होतो.

"आणि चुकून ठोके पडले तर?" श्रीहरीने विचारलं होतं.

"बावीस वर्सं झाली बाळा, एक ठोका चुकला न्हाई. चुकला तर साहेब माझाच ढोल करतील."

फोटो पाहून मात्र तो हसला नाही. त्याने तिघांना सरळ बँडमास्तर सुभेदारसाहेबांपुढे उभं केलं. साहेबांनी हिंदीत चार प्रश्न विचारले आणि तडक रघुनंदनकाकांकडे गेले. काकांनी फाइल थोपटून सांगितलं की इंजिनिअरने कालच सगळं तपासलंय, सर्टिफिकेट आहे. साहेबांनी मान डोलावली. एवढ्या मोठ्या माणसाने एवढं ठामपणे सांगितल्यावर दुसरं करणार तरी काय? मुलांनाही हायसं वाटलं, आणि रविवारी चार वाजता गुंडू केशरी पाटी घेऊन ऐटीत सगळ्यांत वरच्या पायरीवर जाऊन बसला.

कार्यक्रमाला पाच मिनिटं असताना गॅलरीच्या कडेला झालर बांधणारा कामगार दिसला. कावेरीने सहज त्याला कन्नडमध्ये विचारलं की इंजिनिअर केव्हा येऊन गेले. तो जे बोलला ते ऐकून ती जागीच थिजली.

"अक्का," ती संपदाला म्हणाली, "इंजिनिअर सोमवारीच येऊन गेले, फक्त पाहुण्यांचं स्टेज बघितलं म्हणे. तेव्हा गॅलरी उभीच नव्हती. ही काल रात्री स्वल्प आवळली, तीही खालची एकच ओळ."

काका खोटं बोलले होते. बरं, ते मनाने दुष्ट असते तर गोष्ट वेगळी, पण ते तर नुसतेच घाईत होते! संपदा त्यांच्याकडे धावली. ते प्रवेशद्वारापाशी हार हातात घेऊन पाहुण्यांची वाट पाहत होते. तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी तिला हाताने बाजूला केलं आणि पाहुण्यांच्या गाडीकडे निघाले. तेवढ्यात मैदानावर बँड वाजू लागला.

पहिली धून संथ होती. ती संपेपर्यंत तिघं गर्दीतून वाट काढत मैदानाभोवतीच्या दोरीपर्यंत पोचली. मग जलद चाल सुरू झाली. दोनशे मुलांचे चारशे पाय एका तालात आपटू लागले आणि संपदाने वर पाहिलं.

सगळ्यांत वरची ओळ झुलत होती. वीतभर पुढे, वीतभर मागे. प्रत्येक ठोक्याला जरा जास्तच. वरच्या मुलांना ते पाळण्यासारखं वाटत असावं, कारण ती खिदळत होती आणि गुंडू तर तोंड भरून हसत आणखी जोराने पाय आपटत होता. तिने त्याला हाक मारली. बँडच्या आवाजात ती तिला स्वतःलाही ऐकू आली नाही. इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

"मी पडते, तू ढोलाकडे जा," कावेरी म्हणाली आणि दोरीवरच्या स्वयंसेवकाच्या पायांत तिने धाडकन लोळण घेतली. "माझा पाय मोडला" म्हणून तिने असा काही गळा काढला की तो बिचारा आणि त्याचा जोडीदार दोघंही तिच्यावर वाकले. श्रीहरीने दोरी उचलली आणि संपदा खालून निसटली.

गवतावरून पळता पळता तिच्या लक्षात आलं की ढोलावर दोन ठोके द्यायला आपल्या हातात काहीच नाही. नागराजअण्णा ढोलाआडून समोर पाहत होता, गॅलरी त्याच्या पाठीशी होती. तिने त्याच्या बाहीला हात घातला. त्याने चकित होऊन पाहिलं, पण हात थांबले नाहीत. सवय झालेले हात असे थोडेच थांबतात? मग तिने पायातला बूट उपसला आणि त्या कुंकू लावलेल्या चामड्यावर सगळा जोर लावून दोन सणसणीत ठोके दिले.

बँड थांबला. एक बासरी दोन सूर पुढे गेली आणि लाजून गप्प झाली. मैदानावर पाचशे माणसं पाहत होती. लष्करी बँड, पूजेचा ढोल आणि त्यावर पोरीचा बूट! पुढच्या रांगेतल्या सुप्रीताआत्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सुभेदारसाहेब ताडताड चालत आले. ठोके कुणी दिले, त्यांनी विचारलं. संपदाने एका हाताने बूट वर केला आणि दुसऱ्या हाताने गॅलरीकडे बोट दाखवलं. पण नागराजअण्णाची नजर तिच्या बोटावरून गॅलरीकडे गेली होती. वरची ओळ अजूनही करकरत होती.

"ढोल माझा आहे, साहेब, म्हणजे ठोकेही माझेच," तो हिंदीत म्हणाला. "शिक्षा मागाहून द्या. आधी मुलांना उतरवा."

साहेबांनी एकदाच वळून पाहिलं आणि हुकूम दिला. पुढचा प्रकार पाहून संपदाने डोळे विस्फारले. चाळीस वादकांनी वाद्यं गवतावर ठेवली, पळत जाऊन गॅलरीसमोर दोन रांगा केल्या आणि मुलांना हातोहात खाली घेऊ लागले. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. एका वेळी एकच पायरी. गुंडू सगळ्यांत शेवटी उतरला आणि संपदाने त्याला असं आवळलं की तो गुदमरून हातपाय झाडू लागला.

मग रघुनंदनकाका आले, रागाने लालबुंद होऊन. पाहुण्यांसमोर शोभा झाली, पोरांनी बँडचा अपमान केला, असं काय काय बोलत ते रिकाम्या गॅलरीपाशी गेले.

"अहो, हत्ती चढवा हिच्यावर," ते म्हणाले आणि कडेचा पाइप धरून त्यांनी तो गदागदा हलवला.

आधी कुठेतरी टिंग आवाज झाला. मग दुसरा. मग वरची ओळ हळूच पुढे झुकली आणि अख्खी गॅलरी खडखडाट करत कोसळली. नागराजअण्णाने काकांना कॉलर धरून मागे ओढलं म्हणून ते वाचले. धूळ खाली बसली तेव्हा पाइपांच्या ढिगाऱ्यात केशरी पाट्या दिसत होत्या. एका आईने हुंदका दिला आणि मग सगळ्याच बाया रडू लागल्या.

संपदा गवतावरच बसली. सुभेदारसाहेब तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिच्या पायात त्यांनी स्वतःच्या हाताने बूट चढवला. बँड अचूक वेळी थांबवणं ही विद्या आहे, ते म्हणाले, आणि ती तुला आमच्यापेक्षा बरी साधली. श्रीहरीच्या रेघांची आणि कावेरीच्या लोळणीचीही त्यांनी अशी तारीफ केली की कावेरीला आपला पाय मोडल्याचं सोंग चालू ठेवायचं भानच राहिलं नाही.

तेवढ्यात माइक खरखरला. स्टेजवर रघुनंदनकाका उभे होते. कपडे धुळीने माखलेले, हातात फाइल नाही. त्यांची धाकटी मुलगी सौम्या त्यांना बिलगली होती. तीही हिरवी पाटी घेऊन त्याच गॅलरीवर होती.

"गॅलरी कुणी तपासली नव्हती," ते म्हणाले. "तपासली असं मी सांगितलं. ते खोटं होतं. ही मुलं माझ्याकडे आली होती, मी त्यांना हाकलून दिलं. मला माफ करा, बाळांनो."

मोठ्या माणसाला भर माइकवर असं बोलताना संपदाने कधी ऐकलं नव्हतं. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि इतक्यात जाणारही नव्हता. तरी तिला रडू फुटलं. शेजारी गुंडू आ वासून स्टेजकडे पाहत होता. आत्या धावत आली, तिने दोघांना पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.