चांदणीच्या खुरावरची भोकं

फोन वाजला तेव्हा धाकटी एका खेचराचा पाय दोन गुडघ्यांत धरून ओणवी झाली होती.

"वन्सं, हे तीन दिवस घरी नाहीत." वहिनीचा आवाज काचेसारखा तडकलेला. "आजारी जनावर असलं की तिकडेच मुक्काम करतात, म्हणून मी गप्प बसले. आत्ता निवाऱ्यातून माणूस येऊन गेला. म्हणे, देणगीची पेटी फोडून पळाले. संध्याकाळी सहापर्यंत आले नाहीत तर पोलिसांत नाव देणार."

"दादा? पेटी?"

"तेच म्हणते मी! चपलेचा अंगठा शिवायलासुद्धा माझ्याकडे हात पसरणारा माणूस." वहिनीने आवाज खाली आणला. "वन्सं, पळाले असतील तर पळू देत. निदान जिवंत तरी असतील. मला दुसरीच भीती वाटतेय."

धाकटीने खेचराचा पाय हळूच खाली ठेवला. दुसरी भीती तिलाही वाटली होती. ती तोंडाने बोलायची हिंमत दोघींनाही नव्हती.

बाप नालबंद होता. त्याच्यामागे दादाने घोड्यांची माया घेतली आणि धाकटीने हत्यारं. दादा निवाऱ्यात घोडे सांभाळू लागला. धाकटी गावोगाव खुरं कापत फिरू लागली. बाईमाणूस आणि नालबंद, म्हणून लोक आधी हसले; मग घोडे लंगडायचे थांबले तसे लोकही हसायचे थांबले.

निवारा म्हणजे म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या घोड्या-गाढवांचं घर. चाळीस जनावरं, आणि प्रत्येकाचा लांबवर कुठेतरी एक 'पालक', दर महिन्याला देणगी पाठवणारा. निवारा उभा केला माईंनी. त्यांचा एकच कडक नियम होता: ज्याने जन्मभर ओझं ओढलं, त्याच्या पायात इथे पुन्हा लोखंड ठोकायचं नाही. म्हणून धाकटी दीड महिन्याने यायची, खुरं कापून, घासून जायची. नाल मात्र तिने तिथे एकही मारला नव्हता.

ती पोचली तेव्हा दोन वाजले होते. कारभारी कचेरीच्या दारातच उभा होता. बूट लखलखीत, कपाळावर आठ्या.

"भावाचं सामान न्यायला आलीस?"

"भावाला न्यायला आलेय. शेवटचं कोणी पाहिलं त्याला?"

"मी. सोमवारी संध्याकाळी. चांदणी घोडीच्या ठाणाकडे चालला होता."

"काही बोलला?"

"माझ्याशी कशाला बोलेल? मी पडलो खडूस. मंगळवारी सकाळी पेटीचं कुलूप तुटलेलं, पेटी रिकामी, आणि स्वारी गायब. माई थांबा म्हणाल्या, म्हणून आजवर थांबलो. दोन आणि दोन किती होतात, ते मला शिकवू नकोस."

"पेटीत असे किती पैसे असतात?"

कारभाऱ्याने नाक उडवलं. "चिल्लर. मोठ्या देणग्या थेट खात्यात येतात. चांदणीच्या पायाच्या शस्त्रक्रियेला लोकांनी इतके पाठवले की मोजताना माझे डोळे पांढरे झाले. मीच ते सगळे दूरच्या रुग्णालयाला पाठवले, मीच त्यांची गाडी बोलावून घोडी पाठवली. हवं तर कागद बघ."

मोठ्या रकमेवर हात याचा, घोडी पाठवली यानेच, आणि चिल्लरीसाठी चोर ठरला दादा.

"माईंना भेटू?"

"त्यांच्या छातीत कालपासून दुखतंय. आधी जनावरांच्या डॉक्टरबाईंना विचार."

डॉक्टरबाई औषधांच्या खोलीत होत्या. धाकटीला पाहताच उठल्या, खांद्यावर हात ठेवला, स्वतः चहा ओतून दिला. "अगं, बस आधी. तोंड बघ किती उतरलंय. तुझा दादा चोर नाही, हे मी कारभाऱ्यांना शंभरदा सांगितलं."

धाकटी बसली. "तुम्ही पाहिलं होतं का त्याला सोमवारी?"

"नाही गं. त्याच संध्याकाळी रुग्णालयाची गाडी नवा घोडा टाकून गेली, मी त्यातच अडकले. घशात गाठी आल्यात त्याच्या. भलता संसर्ग! पलीकडच्या एकट्या गोठ्यात ठेवलाय, गवतपाणी मीच नेते. पाचला त्यांचीच गाडी येऊन त्याला घेऊन जाईल, मग सुटलो." त्यांनी कप पुढे सरकवला. "आलीच आहेस तर खुरं करून टाक. हाताला काम असलं की मन थाऱ्यावर राहतं. फक्त चांदणीच्या पट्टीच्या पायाला हात लावू नकोस. दर चार दिवसांनी मी पट्टी बदलते, जखम अजून ओली आहे."

घोडे बांधायच्या ठाणांकडे जाताना तो एकटा गोठा लागला. बंद दार, दाराला कुलूप, वर फळी: 'संसर्ग. आत फक्त डॉक्टर. लीद शेजारच्या खड्ड्यातच टाकावी.' शेजारच्या खड्ड्यात चुना पसरलेला, दुधासारखा पांढरा. त्यावर ना काडी, ना माशी. आतून कसलाही आवाज नव्हता. धाकटी वळसा घालून, श्वास रोखून पुढे गेली. तिच्या कपड्यांना चिकटून ते दुखणं चाळीस जनावरांत गेलं असतं तर?

चांदणी उभी होती, करड्या ढगासारखी. उजव्या पुढच्या पायाला पांढरी पट्टी. दोन महिने रुग्णालयात राहून ती तीन आठवड्यांपूर्वी परतली होती. तिथे शस्त्रक्रिया झाली, मग मऊ गवतावर सक्तीची विश्रांती, असं दादाने सांगितलं होतं.

धाकटीने तिचा डावा पाय उचलला. बाप पाय उचलताना गुणगुणायचा, तेच तिच्या ओठांवर आलं:

पाय दे गं मैने, तुला भुईची आण,
जिथं जिथं गेलीस, खूर सांगे खूण.

कानशीने ती खूर घासू लागली. खुराच्या भिंतीवरून मेणाचा एक ठिपका उडाला. खाली बारीक भोक. तिने पुन्हा घासलं. दुसरं. तिसरं. बाहेरच्या बाजूला चार, आतल्या बाजूला तीन.

तिचा हात जागच्या जागी थांबला.

ही खिळ्यांची भोकं होती. नाल ठोकून, मग उपटून, वर मेण आणि माती भरून बुजवलेली. खूर महिन्याला करंगळीच्या नखाएवढं वाढतं. चांदणी रुग्णालयात जाण्याआधी तिने स्वतः कापलेल्या खुरावर एकही भोक नव्हतं. म्हणजे नाल मधल्या काळातच मारलेला. आणि मऊ गवतावर पडून राहणाऱ्या घोडीला नाल कशाला हवा? नाल लागतो डांबरी रस्त्याला. खुराची पुढची कड तर झिजून सपाट झाली होती.

चांदणी रुग्णालयात नव्हतीच. कुठेतरी गाडीला जुंपली होती.

दादालाही हे कळलं असणार. आणि मग दादा...

कोणाला सांगावं? माई आजारी. कारभाऱ्यावर तर संशयच. ती धावतच औषधांच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं ओकून मोकळी झाली.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं.

"अजून कोणाला बोललीस?"

"नाही."

"शहाणी आहेस. बोलूही नकोस. कारभारी किती खोल पाण्यात आहेत, कुणास ठाऊक. तू घरी जा, वहिनीजवळ थांब. गाडी गेली की मीच येते पोलिसांना घेऊन."

धाकटी मान हलवून बाहेर पडली. आता कोणीतरी मोठं माणूस पाठीशी होतं. हत्यारांची पिशवी चांदणीपाशी राहिली होती, ती घ्यायला ती वळली. चांदणी पट्टीच्या पायावर सगळा भार टाकून झोपेला आली होती.

ओल्या जखमेवर?

धाकटी खाली बसली. तिने पट्टी सोडली. केसांच्या खाली कातडी गुळगुळीत. तिने बोट वर नेलं, खाली नेलं. ना व्रण, ना टाक्याची एक गाठ. रोग्याच्या पायाला नव्हे, ठणठणीत पायाला कोणीतरी दर चार दिवसांनी पट्टी बदलत होतं.

दादानेही नेमकं हेच केलं असणार. पट्टी सोडली असणार, घाबरला असणार, आणि निवाऱ्यातल्या सगळ्यात मायाळू माणसाला जाऊन सांगितलं असणार.

आणि तिनेही आत्ताच सांगितलं होतं.

ठाणावरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. समोरून लिदीची हातगाडी खडखडत चालली होती. गाडी ढकलणारी बाई पुटपुटत होती, "खातात काय आणि टाकतात काय! दोन प्रहर होत नाहीत तो पुन्हा ढीग."

धाकटीने त्या गाडीकडे पाहिलं. मग दूरच्या त्या पांढऱ्या खड्ड्याकडे. आणि ती माईंच्या खोलीकडे धावली.

माई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. धाकटीने भीत भीत एकच प्रश्न विचारला.

"माई, घशात गाठी आलेला घोडा तीन दिवस लीद टाकत नाही, असं होतं का?"

"वेडी की काय? तीन दिवस टाकली नाही तर घोडा पोटाने मरेल." माईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "कोणता घोडा?"

"जो कोणीच पाहिला नाही तो."

माईंनी कारभाऱ्याला हाक मारली आणि त्याच्या दंडाचा आधार घेऊन, छाती दाबत, त्या गोठ्याशी आल्या. डॉक्टरबाई दारापुढे आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"माई, दार उघडलं तर चाळीसच्या चाळीस जनावरं जातील. या पोरीच्या खुळापायी?"

धाकटीने कुलपाकडे पाहिलं. तिचा अंदाज चुकला असेल तर? या म्हातारीचं सगळं आयुष्य त्या दाराआड पणाला लागलं होतं.

"आत घोडा आहे ना, बाई?" माई हळूच म्हणाल्या. "मग त्याला नुसतं शिंकू दे. टाप आपटू दे. मी थांबते."

सगळे थांबले. आत काहीच हललं नाही.

"कारभारी, कुलूप तोडा."

कारभाऱ्याने आधी आपल्या लखलखीत बुटांकडे पाहिलं. मग पहार उचलली.

आत घोडा नव्हता. तीन दिवसांचं गवत मात्र होतं, जसंच्या तसं, छातीभर उंच. त्याच्यामागे दादा पडला होता, हातपाय दोरीने बांधलेले, ओठ सुकलेले. धाकटीने त्याच्या नाकापुढे तळहात धरला. किती वेळ काही लागेना. मग बारीकशी ऊब लागली.

कारभारी रुग्णवाहिकेला आणि पोलिसांना फोन करायला धावला. लिदीच्या गाडीवालीने दारात पाय रोवले. डॉक्टरबाईंना जायला वाट उरली नाही. धाकटीने दोर कापले, दादाचे बर्फासारखे पाय मांडीवर घेतले आणि चोळू लागली. मान वर न करताच ती बोलत होती.

"मला आधी कारभाऱ्यांचाच संशय आला. पैसे त्यांनी पाठवले, गाडी त्यांनी बोलावली. पण रुग्णालय कोणी सुचवलं, माई?"

"हिने," माई म्हणाल्या.

"कारभाऱ्यांना कागद कळतो, घोडा कळत नाही. त्यांना फसवणं सोपं. पण चांदणीच्या पायाला जखमच नाही. हे फक्त पट्टी बदलणाऱ्याला ठाऊक असणार. दादाने सोमवारी पट्टी सोडली आणि विश्वासाने यांना सांगितलं. यांनी त्याला घोड्यांचं गुंगीचं औषध टोचलं, पेटी फोडली, त्याला चोर ठरवलं. मग संसर्गाची फळी लावली, म्हणजे कोणी इकडे फिरकणार नाही आणि यांना रोज आत येऊन पुन्हा टोचता येईल. पाचची गाडी आजारी घोडा न्यायला येणार नव्हती. दादाला न्यायला येणार होती."

"आणि येताना माई म्हणाल्या ती लीद?" कारभारी धापा टाकत परतला होता.

"हे माईंनी केलं असतं तर त्या खड्ड्यात लीद टाकायला विसरल्या नसत्या, त्यांनी उभा जन्म ती खोऱ्याने ओढलीय. दादा विसरला नसता. तुम्ही तर इकडे येतच नाही, तुम्हाला चुन्याचा खड्डाही सुचला नसता. डॉक्टरबाईंना सगळं आठवलं: चुना, फळी, गवत, पाणी. पण त्या लीद तपासतात, उचलत नाहीत. ती रोज आपोआप नाहीशी होते, असंच त्यांना वाटत आलं."

डॉक्टरबाई भिंतीशी खाली बसल्या. "पहिला घोडा खरंच आजारी होता, माई," त्या म्हणाल्या. "शस्त्रक्रियेआधीच रस्त्यात गेला. पैसे आलेले. पालकांची पत्रं आलेली, 'आमचा राजा बरा झाला का?' म्हणून. मी लिहिलं, 'बरा झाला.' दुसऱ्या घोड्याचा फोटो पाठवला. कोणी विचारलंच नाही. मग रुग्णालयही कागदावरचं, खातं माझ्याच भावाचं. चांदणीला त्यानेच बंदरावर हौशी लोकांच्या घोडागाडीला जुंपली. याला मारायचं नव्हतं हो मला. भाऊ म्हणाला, मी नेतो. पुढचं विचारलं नाही मी."

"विचारलं नाहीस," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता. "कारभारी, सगळ्या पालकांना पत्रं लिहायची. खरी. कोण गेलं, कोण राबलं, सगळं. उद्यापासून एकानेही पैसा पाठवला नाही तरी चालेल. मी भीक मागेन."

फाटकाशी एक गाडी येऊन थांबली, आत जमलेली माणसं पाहून वळू लागली. पण मागून पोलिसांची जीप येत होती.

धाकटीला यातलं काही दिसत नव्हतं. ती चोळत होती. टाच, तळवा, बोटं. रुग्णवाहिका अजून आली नव्हती. मघाची ऊब कमी झाली की आपल्यालाच भास होतोय, हे तिला कळत नव्हतं.

"दादा," ती म्हणाली. "ए दादा. वहिनीला काय सांगू मी?"

पापण्या हलल्या नाहीत. पण तिच्या हातातला पाय जरासा आखडला. सुकलेल्या ओठांतून घोगरा, अर्धवट झोपेतला आवाज आला.

"धाकटे... जपून काप गं."

आणि इतका वेळ दात आवळून बसलेली धाकटी, त्याचा पाय छातीशी धरून, लहान पोरीसारखी हसत हसत रडू लागली.