सात मजली लाट

दीपमाला पोहण्याच्या तलावाच्या तळाशी डोळे मिटून शांत पडली होती. तेवढ्यात कुणीतरी तिला काखेत धरून वर ओढलं.

“सोडा...” ती खोकत म्हणाली. “श्वास कोंडायचा सराव करत होते मी.”

समोरचा जीवरक्षक बुटांसकट भिजला होता. त्याने खिशातला मोबाइल काढून झटकला. तो बंद पडला होता.

“बुडणारी माणसंही अशीच दिसतात, मॅडम,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी आधी सांगा. मी कोरडा राहीन.”

तिला हसू आलं – कितीतरी महिन्यांनी.

त्याचं नाव ओम. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरातला, पण माग सोडून नाशिकच्या तलावावर रमलेला. ती मखमलाबादच्या फुलमळ्यातली. नोकरीसाठी गोव्याला गेली, तिथे फळीवर उभं राहून लाटांवर घसरायला शिकली आणि लाटांच्या मागे मागे पार पोर्तुगालला पोचली. तिथे हिवाळ्यात सात मजली इमारतीएवढ्या लाटा उठतात.

“एवढी लाट मागे असते, तेव्हा काय वाटतं गं?” त्याने एकदा विचारलं. एव्हाना ‘मॅडम’ गळून पडलं होतं. पावसामुळे तलाव रिकामा होता, पाण्यावर थेंब नाचत होते.

“मागे नुसता गडगडाट... वळून बघायचं नसतं. पण त्या क्षणी सगळं इतकं लख्ख दिसतं, ओम, की नंतर बाकी सगळं फिकं वाटतं.”

“आणि पडलीस तर?”

गेल्या हिवाळ्यात ती पडली होती. पाण्याने तिला असं घुसळलं की वर कुठे नि खाली कुठे, तेच कळेना. बाहेर काढलं तेव्हा खांदा मोडला होता. तेव्हापासून ती नाशिकला घरीच होती.

“खांदा कधीच बरा झालाय,” ती हळूच म्हणाली. “घरी सांगते, अजून दुखतो म्हणून. खरं तर... मी घाबरलेय.”

त्याने धीर दिला नाही, उपदेश केला नाही. ओल्या फरशीवरून त्याचा हात फक्त जरासा सरकला, करंगळीला करंगळी लागेपर्यंत.

“मग घाबर की,” तो म्हणाला. “मी आहे बसलेला.”

त्यानंतर ती तळाशी असली की तो काठावर बसून राही. खालून त्याची आकृती पाण्यात हलताना दिसे आणि तिचा सराव बिघडे.

“आज लवकर वर आलीस?”

“कुणीतरी फार टक लावून बघत होतं.”

“पगारच त्याचा मिळतो मला.”

दिवाळी झाली आणि पोर्तुगालहून तिथल्या साथीदारांचा फोन आला – मोठ्या लाटा येऊ लागल्यात, येतेस का?

तलावाबाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता ती म्हणाली, “तू थांब म्हण... मी थांबते.”

ओमने कप खाली ठेवला. “रोज ओठांवर येतं. पण माझ्यासाठी थांबलीस, तर उद्या मला बघून तुला समुद्रच आठवेल. जायचं नसेल तर जाऊ नकोस, दीपा. पण माझं नाव पुढे करू नकोस.”

तिला राग आला. कारण त्याने नेमकं ओळखलं होतं. तिला तो हवा होता आणि सबबही हवी होती. राग ओसरला तेव्हा तिने तिकीट काढलं.

जानेवारीतल्या एका करड्या सकाळी तिला लाटेपर्यंत ओढत नेणाऱ्या जेट-स्कीची दोरी तिने सोडली. पाठीमागे डोंगर उठल्यासारखं पाणी उठलं, उजेड झाकला गेला आणि ती घसरत राहिली – खाली, अजून खाली – लाट फेस होऊन पसरेपर्यंत.

किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून तिने आधी त्याला फोन लावला.

“ओम... उतरले मी.”

त्याने पलीकडून विचारलं, “भीती वाटली?”

“खूप. अजून वाटतेय.”

“मलाही. मी येवल्याला आलोय. आज आईला सांगितलं... तुझ्याबद्दल.”

“काय सांगितलंस?”

“एक मुलगी आहे... तिच्याशिवाय करमत नाही. आणि ती मोठमोठ्या लाटांवर उभी राहते.”

“मग? काय म्हणाल्या?”

“आधी माग थांबवला. मग विचारलं, पोहता तरी येतं ना तिला?”

दीपमाला ओल्या वाळूत मटकन बसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“त्यांना सांग,” ती म्हणाली, “आल्यावर शिकते म्हणावं. मास्तर बघून ठेवलाय मी.”